वरचं लिंबू

माझ्या मुलीचं शाळेतलं गणित बरोबर यायचं आणि घरचं चुकायचं. बाकी सगळीकडे याच्या उलट असतं. घरी आई शेजारी बसलेली असते, खोडरबर हाताशी असतं, घंटा व्हायची घाई नसते, म्हणून घरचा अभ्यास नेटका होतो आणि शाळेत पोरं गडबडतात. आमच्याकडे उलटी गंगा वाहत होती आणि ती कुठून निघते ते मला कळत नव्हतं. मला एखादी गोष्ट कळली नाही की माझं डोकं फिरतं. हा माझा स्वभाव आहे, त्याची फळं मी भोगलेली आहेत, आणि एकदा दुसऱ्यांनाही भोगायला लावली. त्याचीच ही हकिकत.

पोरगी दुसरीत होती. आम्ही अकोल्यात राहतो. मी बडनेऱ्याला नोकरी करते, म्हणजे सकाळच्या गाडीने जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. नवरा औषधं विकत गावोगाव फिरतो. आठवड्यातले चार दिवस त्याचा आवाज फोनवरच ऐकायचा. घरी पोरीजवळ असायचे ते माझे सासरे. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीने मामाजी म्हणते, पोरगी आबा म्हणते. बाळापूरकडे आमची लिंबाची बाग आहे. ती आता दीर बघतात. सासूबाई गेल्यावर मामाजी आमच्याकडे अकोल्याला आले, पण नुसतं बसून राहणं त्यांच्या अंगात नव्हतं. दिरांनी टेम्पोने पाठवलेलं लिंबाचं पोतं घेऊन ते रोज दुपारी चारला आमच्या कॉलनीमागच्या भाजीबाजारात जाऊन बसत. त्याच्या जरा आधी पोरीची शाळा सुटे. दप्तर घरात टाकून, दोन घास खाऊन तीही त्यांच्यासोबत जाई. मी स्टेशनवरून येताना दोघांना घेऊन घरी येई.

शाळेतून दर शुक्रवारी फोनवर एक पान यायचं. त्याला ‘घरचा उपक्रम’ म्हणत. झेरॉक्सवाल्याकडून ते छापून आणायचं, पोरांकडून शनिवार-रविवारी करून घ्यायचं आणि सोमवारी द्यायचं. कल्पना चांगली होती. पुस्तकातलं शिक्षण घरात यावं, स्वयंपाकघरात, अंगणात पोरांनी शिकावं, अशी. ‘घरातील तीन गोल वस्तू शोध.’ ‘आईच्या डब्यांमधली कडधान्यं ओळख.’ ‘पलंगाची लांबी वितीने मोज.’ पलंग पोरीच्या वितीने सोळा आणि आबांच्या वितीने नऊ भरला. मग आबांचा पलंग लहान झाला का, यावर त्या दोघांची अर्धा तास चर्चा चालली. मी भाजी फोडणीला टाकत ती ऐकत होते. अशी पानं मला मनापासून आवडायची. खरं सांगायचं तर पोरीपेक्षा मलाच शुक्रवारची वाट असायची.

माझी पोरगी त्या पानांवर काय लिहील याचा नेम नसे. एकदा प्रश्न होता, ‘गटात न बसणारी वस्तू ओळख: लिंबू, संत्रं, मोसंबी, कांदा.’ तिने मोसंबीला गोल केला. मी विचारलं, काहून वो? तर म्हणाली, “मोसंबी आपल्याकडे कोणालेच आवडत नाही.” हे खरं होतं. कांद्याला गोल करायला हवा होता हे मी तिला समजावून सांगितलं, पण तिच्या उत्तरातही एक शिस्त होती हे मला मान्य करावं लागलं. तेव्हापासून मी तिची चूक खोडण्याआधी तिला कारण विचारायला लागले. निदान शांत डोक्याने असले तर.

गणपतीनंतर बेरीज-वजाबाकीची पानं सुरू झाली. नुसते आकडे नव्हते त्यात, छोट्या छोट्या गोष्टी होत्या. आजी लाडू देते, मावशी बोरं देते, झाडावर चिमण्या येतात, अशी. त्याच पानांवर तांबड्या फुल्या यायला लागल्या. पहिल्या सोमवारी चार, दुसऱ्या सोमवारी पाच. आणि त्याच आठवड्यात शाळेच्या वहीत बेरजांच्या दोन पानांवर सगळं बरोबर, खाली मॅडमच्या हातची चांदणी.

मॅडमने मला बोलावलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड होत्या, पण त्यांचा रोख माझ्या ध्यानात आला. “घरी जरा शांत वातावरण मिळतं का तिला? कुणी सोबत बसतं का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी बसते. त्या म्हणाल्या, “ती सांगते की ती संध्याकाळी बाजारात बसते.” पुढे त्यांनी काही म्हटलं नाही, पण मला जे ऐकू यायचं ते ऐकू आलं. सहामाहीनंतर ज्या मुलांची पानं सारखी चुकतात त्यांना वेगळ्या गटात बसवणार आहोत, घाबरायचं कारण नाही, असंही त्या म्हणाल्या. घाबरायचं कारण नाही असं कुणी म्हटलं की मी घाबरतेच.

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. त्या संध्याकाळी जेवताना मी दोघांनाही सुनावलं. “सहामाहीच्या आत ही पानं बरोबर आली पाहिजेत. नाही आली तर चार ते सहा शिकवणी लावीन. मग बाजार बंद.” पोरीने आबांकडे बघितलं. मामाजी भाकर चुरत होते. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, “लेकराचं शिक्षण पयले, बाई. त्यात काय.”

झालं. घरात धाक बसला, पण कोडं तसंच राहिलं. रागाचं एक बरं असतं, तो उतरला की डोकं चालायला लागतं. मी गाडीत खिडकीजवळ बसून ती पानं पुन्हा पुन्हा बघायला लागले. रोजच्या सोबतिणी लसूण सोलत, मटार निवडत गप्पा मारायच्या आणि मी दुसरीच्या पोरीच्या बेरजा तपासायचे. त्यांना वाटलं, मी कसली तरी खात्यांतर्गत परीक्षा देते आहे.

पहिला संशय डोळ्यांवर गेला. तिला फळा दिसतो, पण जवळचं दिसत नसेल, वस्तू दोनदा मोजली जात असेल. मी ताटात चमचे पसरले. सात. तिने सात मोजले. बटणं मांडली, शेंगदाणे मांडले. एकही चुकलं नाही. शेंगदाण्यांच्या वेळी तर मीच चुकले, कारण मोजता मोजता एक खाल्ला होता. तिने तो माझ्या तोंडातला धरून बरोबर उत्तर दिलं.

दुसरा संशय घाईचा. तिला बाजारात पळायचं असतं, म्हणून कसंतरी उरकते. पण पानं तर रविवारी सकाळी व्हायची आणि ती जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत बसायची. घाई असलीच तर मला होती.

मग मी चुकलेले आकडे एका कागदावर उतरवून काढले आणि तिथे मला पहिल्यांदा गंमत वाटली. चुका वेड्यावाकड्या नव्हत्या. उत्तर कधी एकाने जास्त, कधी दोनाने जास्त, आणि वजाबाकीत एकाने कमी. ‘दादाने तुला ६ गोट्या दिल्या, तुझ्याकडे ३ होत्या, एकूण किती?’ तिचं उत्तर दहा. ‘आजीने ५ लाडू दिले, मावशीने ४ दिले, एकूण किती?’ तिचं उत्तर अकरा. ‘तुझ्याकडे १२ बोरं होती, मैत्रिणीला ५ दिलीस, किती उरली?’ तिचं उत्तर सहा. आणि याच पानांवर, याच हाताने, ‘झाडावर ८ चिमण्या होत्या, ३ आल्या’ याचं उत्तर अकरा, बरोबर. बावळट पोर अशी चुकत नाही. कुठल्या तरी नियमाने चुकणारी पोर ही माझ्यासाठी नवीनच गोष्ट होती. पण नियम काही हाताला लागेना. बोरगावच्या पुढे गाडी थांबली तरी मला कळलं नाही, एवढी मी त्या लाडूंमध्ये बुडाले होते.

शेवटी रविवारी सकाळी मी पान बाजूला ठेवलं, पोरीला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, तू मला करून दाखव. लिंबं घरात होतीच. “ही आजी. आजीने किती लाडू दिले?”

तिने पाच लिंबं मोजून माझ्यासमोर ठेवली. मग टोपलीत हात घालून आणखी एक काढलं, जरा दाबून बघितलं आणि त्या पाचांवर ठेवलं.

“हे काय?”

“हे वरचं.”

“पण आजीने पाचच दिले न?”

“हो, पाचच दिले. हे वरचं आहे,” ती म्हणाली, आणि मावशीची चार मोजून तिच्यावरही एक ठेवलं. पाच आणि चार नऊ, वरची दोन, अकरा.

मी खाली बसले. डोक्यात लख्ख उजेड पडला. मामाजी लिंबं पाच-पाचाने देतात. तीन एका हातात, दोन दुसऱ्या हातात, आकडा तोंडाने म्हणायचीही गरज नाही. पाच पिशवीत टाकली की वरून एक टाकायचं. दहा घ्या, वीस घ्या, वर एक. हे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहे. गिऱ्हाइकाने मागावं लागत नाही, न मागता टाकायचं, तोच मान. आणि ते वरचं लिंबू टाकायचं काम मामाजींनी पोरीला दिलेलं होतं. आबा मोजणार आणि ती वर टाकणार. रोज दोन-अडीच तास, शंभरेक माणसांना ती ते एक लिंबू देत होती. तिच्या लेखी देणं म्हणजे मोजून देणं आणि मग वर देणं. चिमण्या येतात तेव्हा कुणी कुणाला काही देत नाही, म्हणून चिमण्या बरोबर येत होत्या.

मला राहवेना. मी तिला जुन्या पानावरचं एक उदाहरण दाखवलं, जे तिने बरोबर सोडवलं होतं. ‘माकडाने १० केळ्यांमधली ३ पळवली, किती उरली?’ तिने सात लिहिलं होतं. मी विचारलं, “इथे वरचं नाही का?”

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मलाच दुसरीत बसवायला हवं. “माकडानं चोरली न, आई. चोराले कोन वर देते?”

मी इतकी हसले की मामाजी अंगणातून आत डोकावून गेले. खरोखर, त्या दिवशी मला पोरीचा फार अभिमान वाटला. एवढ्याशा डोक्यात देणं, येणं आणि चोरणं यांचे तीन वेगळे कप्पे होते आणि आम्ही मोठी माणसं त्या तिन्हीला नुसती बेरीज-वजाबाकी म्हणत होतो.

ही गोष्ट मनात ठेवणं मला जमणार नव्हतं. मी तिथल्या तिथे अमरावतीला माझ्या भावाला फोन लावला आणि तिखटमीठ लावून सांगितली. “अरे, कोणाचा दोष नाही, आमच्या मामाजींनीच पोट्टीचं गणित बिघडवून ठेवलं. वरचं लिंबू टाकू टाकू तिचं सगळंच एकानं वर चाललं.” भाऊ हसला, मी हसले. मग नवऱ्याचा फोन आला, त्यालाही हेच सांगितलं, याच शब्दांत. मामाजी अंगणात खाटेवर बसून पोत्याचं तोंड शिवत होते. दार उघडं होतं. ते हसत होते की नाही, हे मी बघितलं नाही.

कोडं सुटलं म्हणजे प्रश्न मिटला, असं मला वाटलं होतं. मी पोरीला समजावलं. “बाजारात वर द्यायचं. पानावर वर द्यायचं नाही.”

“पानावरची आजी वर देत नाही?”

“नाही.”

“काहून? कंजूस आहे का?”

“हो, पानावरचे सगळेच कंजूस आहेत असं समज,” मी वैतागून म्हटलं. मला पोळ्या लाटायच्या होत्या.

पण सात वर्षांच्या पोरीला आजी कंजूस आहे हे सहन होत नाही. पुढच्या रविवारी तिने मावशीकडून वरचं काढून घेतलं, दादाकडूनही काढून घेतलं, पण आजीचं काही तिला काढवेना. खोडून नऊ केले, पुन्हा खोडून दहा केले. कागदाला भोक पडलं. सोमवारी त्या भोकाभोवती मॅडमने तांबडा गोल केला. मी मॅडमना भेटून सगळं सांगितलं, अगदी माकडापासून. त्यांना खूप मजा वाटली, त्यांनी ते शेजारच्या वर्गातल्या मॅडमनाही बोलावून सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “पण परीक्षेत उत्तर नऊच लागेल ना हो.” तेही खरं होतं. त्यांच्यावर रागावता येईना, म्हणून मी घरी येऊन रागावले. सहामाहीला तीन आठवडे उरले होते. मी जेवताना पुन्हा एकदा तेच बजावलं. पुढची पानं चुकली की शिकवणी आणि बाजार बंद. शिकवणीच्या बाईंशी बोलूनही ठेवलं होतं, तेही सांगितलं.

मामाजींनी ताटात हात धुतला आणि विचारलं, “म्हंजे थे मंग बजारात येनारच नाई?”

“कधी येईल मामाजी, चार ते सहा शिकवणी, मग गृहपाठ.”

“हो न,” ते म्हणाले, आणि उठले.

पुढच्या सोमवारी पानावर एकच फुली होती. त्याच्या पुढच्या सोमवारी एकही नाही. चांदणी मिळाली. पोरगी वेगळ्या गटात जाणार नव्हती, शिकवणी लागणार नव्हती, मी शिरा केला. सगळ्यांनी खाल्ला. मामाजींनी दोनदा मागून घेतला.

आता मी साधी आई असते तर तिथे थांबले असते. पण मला बरोबर आलेल्या उत्तराचंही कारण लागतं. पंधरा दिवसांपूर्वी जिला आजीचं एक लिंबू काढवत नव्हतं, कागद फाटला तरी काढवत नव्हतं, तिला आता ते सहज कसं जमलं? मी तर वेगळं काहीच शिकवलं नव्हतं. रात्री वेणी घालताना मी सहज विचारलं, “काय वो, पानावरची आजी कंजूस झाली का शेवटी?”

“सगळेच झाले,” ती म्हणाली.

तिने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि रबरबँड माझ्या हातात दिला. मला ते उत्तर कुठे तरी टोचलं, पण दिवसभराची दमले होते, दिवा मालवला.

दोन दिवसांनी मला सुट्टी होती. साडेपाचच्या सुमाराला मी पिशवी घेऊन भाजीबाजारात गेले. एरवी मी यायची तेव्हा बाजार उठायला लागलेला असायचा, मामाजी पोतं गुंडाळत असायचे. भर बाजारात मी त्यांना किती तरी महिन्यांत बघितलं नव्हतं. मुद्दाम मेथीवाल्या बाईच्या आडोशाला उभी राहिले. चोरून बघायची ही सवय चांगली नाही, पण मला आहे.

मामाजी आपल्या जागेवर बसले होते. पोरगी त्यांच्या उजव्या हाताला, पाटावर. एक बाई आल्या. मामाजींनी तीन आणि दोन, पाच लिंबं उचलली, पिशवीत टाकली. बाईंनी पिशवीचं तोंड तसंच उघडं धरून ठेवलं. मामाजी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. बाई क्षणभर थांबल्या, पोरीकडे बघितलं, पिशवी मिटली आणि गेल्या. नंतर एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना दहा दिली, वर काही नाही. ते ओळखीचे असावेत, म्हणाले, “काऊन हो, आता मोजूनच देऊन राहिले का?” मामाजी हसल्यासारखं करून म्हणाले, “हो न, आता मोजूनच.” पोरीचे दोन्ही हात मांडीवर होते. तिला काहीच काम नव्हतं. पूर्वी ती लिंबं निवडत, दाबून बघत, पुढे सरकत, सगळ्या बाजाराशी बोलत असायची, असं मला मेथीवालीनेच सांगितलेलं होतं. आता ती नुसती बसली होती, पाहुण्यांकडे बसतात तशी.

मी पुढे गेले. मला बघून पोरगी हसली. मामाजी जरा चपापले.

“मामाजी, वर देणं काहून बंद केलं?”

ते लिंबं सारखी करायला लागले. सारखीच होती ती. “काई नाई. असंच.”

“असंच नाही. सांगा.”

“अवो, तूनंच तं सांगतलं न फोनवर. माह्यामुळे पोट्टीचं बिघडलं मून. मी इचार केला, इथं वर टाकनं बंद झालं, तं थिच्या डोक्यातूनबी जाइन. गेलंबी. पान आलं न बरोबर?”

“आलं. पण तुमची गिऱ्हाइकं...”

“थे येतीन नाई तं जातीन. पन तू मनली, पान चुकलं तं बजार बंद. पोट्टी इथं नसली तं मले नाई करमत, बाई.” मग म्हणाले, “तिची आजी गेल्यापासून मले कुठीच करमत नाई.”

नऊ वर्षं मी त्या घरची सून होते. या माणसाने मला कधी स्वतःसाठी चहासुद्धा मागितला नव्हता. त्यांना पोरगी बाजारात हवी होती आणि ते मला तसं म्हणू शकले नव्हते, म्हणून बापापासून चालत आलेली रीत त्यांनी मुकाट्याने सोडून दिली होती, आणि मी शिरा करून खाल्ला होता. मला माझीच लाज वाटली. एवढ्या चुकांची कारणं मी शोधून काढली, पोरीच्या डोक्यातले तीन कप्पे मला दिसले, आणि शेजारच्या खाटेवर बसलेल्या माणसाला काय वाटत असेल हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

“मामाजी,” मी म्हटलं, “पोरगी येईल. पान चुकलं तरी येईल, बरोबर आलं तरी येईल. शिकवणी नाही लावत मी.”

“मॅडम रागावतीन.”

“रागावू द्या. मी बोलीन त्यांच्याशी.”

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. पोरगी माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होती.

“मंग आता वर टाकू?” तिने विचारलं. मला नाही, त्यांना.

“टाक न, माय.”

ती पाटावरून उठली. पोत्यात हात घालून तिने एक लिंबू काढलं, दाबून परत टाकलं, दुसरं काढलं. मघाच्या बाई चार दुकानं पुढे कांदे निवडत होत्या. पोरगी गर्दीतून वाट काढत तिकडे पळाली. समोर दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, पण मामाजींचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती परत येताना दिसेपर्यंत ते मान वळवून तिकडेच बघत राहिले.